क्वाडचा कायदा आणि आमचा टॉवेल

टेरीवाला (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर):
अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वाड हा चार देशांचा गट बळकट करायचं विधेयक ३७९ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलं होतं. भारत, जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या चौघांच्या खासदारांचा संयुक्त गट असावा, हा त्यातला मुख्य मुद्दा. पुढं ते सिनेटात बारगळलं. आता पुन्हा तसला कायदा हवा म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये याच दोस्तानं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, त्याचं काय? माझ्या गिऱ्हाइकाचा मेल आला, निम्मा बोजा तुम्ही उचला म्हणून. माल गोदामात तयार, प्रत्येक टॉवेलवर त्याचंच लेबल शिवलेलं. विकायचा कुणाला?

सात रस्ता:
शेठ, टॉवेल आणि युद्धनौका एका तागडीत घालू नका. तुमचा कंटेनर न्हावा शेवाहून समुद्रानंच जातो ना? २०२२ ला टोकियोत क्वाडनं सागरी टेहळणीची योजना जाहीर केली. जहाजानं स्वतःची ओळख सांगणारी यंत्रणा बंद केली, तरी त्याच्या रेडिओ लहरी उपग्रहानं टिपायच्या आणि ती माहिती छोट्या देशांनाही द्यायची. आपल्या नौदलाचं गुरुग्रामचं केंद्र यात कामाचं आहे. असली कामं नेत्यांच्या मर्जीवर सोडून चालत नाहीत.

पूर्व भाग:
काय बोलायलात बे! नाटोत कलम ५ आहे, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर. क्वाडमध्ये तसलं काय आहे? गलवानला २० जवान गेले, तेव्हा कोण आलं?

सात रस्ता:
कुणी लढायला यावं हे दिल्लीलाच नकोय. आणि त्याच २०२० मध्ये अमेरिकेशी उपग्रह-नकाशांच्या माहितीचा बेका करार झाला, १३ वर्षांनी ऑस्ट्रेलिया मलबार या नौदल सरावात परतला. ते कसं विसरता?

जुना मास्तर:
थोडा इतिहास बघा. २००७ मध्ये जपानच्या शिंजो आबेंनी क्वाडसाठी पुढाकार घेतला, २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात रड यांचं सरकार बाजूला झालं आणि २०१७ पर्यंत सगळं थंड. २०२५ ची शिखर परिषद भारतात व्हायची होती, तीही झाली नाही. म्हणून खासदारांचा गट मला पटतो. नेते रुसले तरी कुणीतरी बोलत राहील. आक्षेप वेगळाच आहे. तिकडं निदान मतदान तरी झालं. आपल्याकडं असे करार सरकार करतं, लोकसभेची मंजुरी लागत नाही. बेकावर आपल्या खासदारानं मत दिलं का? विचारलंच नाही त्याला कुणी!

टेरीवाला:
मास्तर, ही बाजू मान्य. पण मग त्या कायद्यात एक कलम घाला: भागीदार देशावर शुल्क वाढवायचं तर आधी खासदारांच्या गटापुढं या.

पूर्व भाग:
आणि अमेरिका ते ऐकणार? तोवर लेबलं उसवायला घ्या शेठ.