एसटीतली 'आमदार' सीट आणि आपण निवडून दिलेली माणसं : तुमचे अनुभव सांगा

रानजाई
परवा बऱ्याच वर्षांनी लाल डब्यातून गावी गेले. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टर म्हणाले, "ताई, पुढं एक जागा हाय, बसून घ्या." बसले आणि वर बघितलं तर खिडकीवर 'आमदार' अशी अर्धवट पुसलेली अक्षरं.

एकदम आजोबा आठवले. ते त्या सीटवर कधीच बसायचे नाहीत. पायाशी बियाण्याची पिशवी, एक हात वरच्या दांडीला, तास-दीड तास तसेच उभे. मी लहान होते, म्हणायचे, "आबा, रिकामी आहे ना, बसा की." तर म्हणायचे, "सायेब पुढच्या थांब्याला चढले तर?" साहेब कधीच चढले नाहीत. आजोबा २००४ साली गेले.

त्यावरून दुसरी आठवण. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणत होते तेव्हाचा. आमच्याकडे टँकर आठवड्यातून एकदा. एका योजनेच्या उद्घाटनाला साहेब आले. स्टेजवर सीलबंद पाण्याच्या बाटल्या. भाषण झालं, गाड्या धुरळा उडवत गेल्या. मग आमच्या चुलत्या आणि शेजारच्या बायका स्टेजवर चढल्या आणि अर्ध्या राहिलेल्या बाटल्या एकेक करून कळशीत ओतल्या. कुणी काही बोललं नाही. मला तो बाटलीतून पाणी पडायचा आवाज अजून ऐकू येतो.

तुमचेही अनुभव लिहा. चांगलेही लिहा, असतील तर.

पिंपळपान
बाटल्यांचं वाचून गलबलून आलं गं. भाकऱ्या टाकतेय, रात्री लिहिते.

माणदेशी
चांगलं विचारलंत म्हणून आधी तेच. आम्ही सांगोल्याकडचे. भाई गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, पहिल्यांदा १९६२ ला. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) शेवटपर्यंत सोडला नाही. एसटीने फिरायचे, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. ३० जुलै २०२१ ला गेले. आमच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही. पक्ष-बिक्ष काही नाही, आमचे वडील तर दुसऱ्या पक्षाचे.

डेपोवाले काका
२८ वर्षं कंडक्टर होतो. त्या सीटवर हक्काने बसायला आलेला माणूस मला एकदाच भेटला. माजी आमदार, वयस्कर, धोतर, हातात कापडी पिशवी. पास दाखवला. तिथं बाळाला घेऊन एक बाई बसली होती, ती उठायला लागली तर म्हणाले, "बस पोरी, मला दोनच थांबे जायचंय." उभे राहिले.

२०२१ च्या संपात आम्ही दिवाळी डेपोच्या दारात काढली. भेटायला येणारे खूप. फोटो काढून जायचे. एकानेही विचारलं नाही की महिन्याला हातात किती पडतात. तेवढंच विचारायला पाहिजे होतं.

चाळीतला कांदा
नाशिक जिल्हा. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली ती ४ मे २०२४ ला उठली, मधे प्रचार. एक उमेदवार आमच्या कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये आले. फोटोसाठी वरचा कांदा उचलला. तो नासका होता, बोटं आत गेली, पाणी मनगटापर्यंत. कार्यकर्त्याने लगेच रुमाल दिला. हात पुसता पुसता मला विचारतात, "बाकी पीकपाणी कसं आहे?"
अहो, हेच पीक. हेच पाणी.
२०१९ ला लोकसभेत कांद्याच्या भावावर चर्चा चालू असताना अर्थमंत्री म्हणाल्या होत्या, मी फारसा कांदा-लसूण खात नाही. खात नसाल, राग नाही. पण पिकवणारा तर माणूस आहे.

रानजाई
@चाळीतला कांदा दादा, मग किती गेला?

चाळीतला कांदा
निम्म्याहून जास्त. जाऊ द्या.

माजी सरपंच
२०११ पासून स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे. मी त्यातूनच निवडून आले. पहिल्याच कार्यक्रमात आमदारांनी सत्काराचा नारळ आणि शाल माझ्या मिस्टरांच्या हातात दिली. मी शेजारीच उभी. माईकवरून माझंच नाव पुकारलं होतं! मिस्टर बिचारे अवघडले, त्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या त्या त्यांच्या चांगुलपणाला.
नंतर शाळेच्या पत्र्यासाठी त्यांच्या ऑफिसात सात चकरा मारल्या. पीए दर वेळी म्हणायचा, "साहेबांच्या कानावर घालतो." आठव्या वेळी अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकायच्या लोकशाही दिनाला गेले, महिन्याचा पहिला सोमवार असतो तो. दोन महिन्यांत पत्रे आले. बहिणींनो, पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

उपनगरी
मृणालताई गोरेंची आठवण आली. पाणीवाली बाई. आई त्यांच्या महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्च्याला गेली होती, ते लाटणं अजून आमच्याकडे आहे, एका टोकाला चीर गेलेलं. मी त्यानेच पोळ्या करते.

पिंपळपान
@उपनगरी ते जपून ठेव, रोज वापरू नकोस!!

उपनगरी
आई म्हणायची, वापरलं की जपलं जातं :)

एक कार्यकर्ता
थोडं आमच्या बाजूनेही ऐका. मी एका आमदारांच्या गाडीत चार वर्षं होतो. लग्नसराईत दिवसाला पंधरा लग्नं, सकाळी दहावा, मधे कुणाचं तरी वास्तुशांत. रात्री दीडला घरी. माणूस लोकांतच असतो. पण एका ठिकाणी सात मिनिटं, अक्षता टाकल्या की पुढं. आणि लग्नाला नाही गेलं तर लोक म्हणतात, निवडून आला आणि शेफारला. रस्ता नाही झाला तरी चालतं, मयताला आला पाहिजे. मी ते काम सोडलं, कारण चार वर्षांत कुणाचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकल्याचं मला आठवत नाही. साहेबांनी नाही आणि मीही नाही.

माणदेशी
मनापासून लिहिलंत. हे खरं आहे.

माजी सरपंच
@एक कार्यकर्ता आमच्याकडेही तेच! सासूबाईंच्या दहाव्याला पहिल्या रांगेत होते. पत्र्यांचं तेव्हाही विचारलं मी. "आज नको वहिनी" म्हणाले.

खोली नंबर नऊ
२०११. पुण्यात चौघं एका खोलीत, स्पर्धा परीक्षेची तयारी. नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात सांगितलं की शहरात दिवसाला ३२ रुपयांवर खर्च करणारा गरीब नाही, खेड्यात २६. त्या रात्री आम्ही वहीत हिशोब मांडला. दोन वेळची मेस, चहा, बस, झेरॉक्स. ३२ मध्ये बसवायला आधी चहा काढला, मग बस काढली, मग एक वेळचं जेवण. त्यावर एक मित्र म्हणाला, झोपू या आता, उद्या पेपर आहे. आज तो अधिकारी आहे. ती वही त्याने मागून नेली, टेबलच्या खणात ठेवतो म्हणाला.

पिंपळपान
आले. पण आता तुमचं सगळ्यांचं वाचत बसले, लिहायचं राहिलं. एक विचारू? आई ७६ ची आहे, एसटीत तिला फुकट ना? कागद काय लागतात?

डेपोवाले काका
हो ताई, ७५ पूर्ण झाली की पूर्ण मोफत, ऑगस्ट २०२२ पासून. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ असू द्या, जन्मतारीख दिसली पाहिजे. पण तिकीट घ्यायचंच, शून्य रुपयाचं मिळतं.

पिंपळपान
धन्यवाद काका. तिला उभं राहवत नाही, तीच काळजी.

डेपोवाले काका
कंडक्टरला सांगा, आमदारांच्या सीटवर बसवतील. आणि आई नको म्हणाल्या, तर म्हणावं साहेब काय चढत नाहीत, निवांत बसा.

रानजाई
काका 🙏