मदत हवी आहे : गुडघ्याच्या टेंडनचं ऑपरेशन, नंतरची फिजिओ (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. बाबा (वय ६२, मधुमेह आहे) पावसात ठाणे स्टेशनच्या जिन्यावर घसरले. पडता पडता सावरायला गेले आणि गुडघ्याच्या वाटीवरचं टेंडन (मांडीचा स्नायू वाटीला जोडणारा जाड पट्टा) पूर्ण तुटलं. आधी एका ठिकाणी 'मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा' म्हणून घरी पाठवलं. त्यात आठ दिवस गेले, अजून चिडचिड होते. बाबांना झोपल्या झोपल्या पाय सरळ उचलताच येत नव्हता, तेव्हाच शंका यायला हवी होती. शेवटी एमआरआयमध्ये कळलं. बाराव्या दिवशी ऑपरेशन झालं, वाटीच्या हाडाला भोकं पाडून त्यातून टाके ओवून टेंडन परत बसवलं.

आता चौथा आठवडा चालू आहे. पाय लांब ब्रेसमध्ये सरळ लॉक, सहा आठवड्यांनंतर थोडं थोडं वाकवायचं असं सर्जन म्हणालेत.

आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यामुळे नौपाडा-पाचपाखाडी भागात घरी येणारे फिजिओ हवेत, पण अशा टेंडनच्या ऑपरेशनचे पेशंट हाताळलेले. गुडघेबदल केलेल्यांचे व्यायाम घाईने सुरू करणारे नकोत, टाक्यांवर ताण आला तर सगळंच मुसळ केरात.

साठीच्या पुढे कुणाच्या घरी हे झालंय का? गुडघा ९० अंशांपर्यंत वाकायला किती दिवस लागले? आणि जिना कसा उतरवलात, खुर्चीवर बसवून की काठीच्या आधाराने? पुढच्या आठवड्यात तपासणीला न्यायचंय, बाबा म्हणतात 'मी बसून बसून उतरतो'. आई ऐकायला तयार नाही.