गॅस गिझर शॉवर लावला की विझतो, काय करावं?

फुलेवाडीकर:
सहा लिटरचा गॅस गिझर बाथरूममध्ये लावलाय. बादलीत नळ सोडला की पेटतो, शॉवर लावला की काही सेकंदांत विझतो. सेल नवे आहेत. टाकी गच्चीवर, गिझरपासून सात-आठ फूट वर. मिस्त्री म्हणतोय नवाच घ्या. घ्यावा लागेल का?

बंब ते गिझर:
अजिबात नको, आधी पाणी बघा. हा गिझर पेटतो तो पाण्याच्या जोरावर. आत रबरी पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. पाणी वाहू लागलं की पडदा सरकतो आणि त्याची पिन मायक्रोस्विच चालू करते. मग ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व उघडतो. जोर कमी झाला की पडदा मागं येतो आणि गॅस बंद. तुमच्याकडं बहुतेक हेच होतंय.

दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. तुमच्या आठ फुटांना जेमतेम पाव बार, म्हणजे अगदी काठावर. त्यात शॉवरची भोकं बारीक. एक लिटरचा तांब्या शॉवरखाली धरा. भरायला 24 सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रवाह मिनिटाला अडीच लिटरच्या खाली आहे, त्यावर बरेच गिझर टिकत नाहीत.

पाण्याचा कॉक बंद करून गिझरमध्ये पाणी आत येतं त्या तोंडाचा (इनलेटचा) नट सोडा. आत छोटी जाळी असते, ती जुन्या टूथब्रशनं घासा. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ येतं, तेव्हा ती हमखास तुंबते. शॉवरचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. एवढं करूनही फरक नाही पडला तर डायफ्राम बदला. अख्ख्या गिझरच्या मानानं किरकोळ खर्च आहे.

कळंबा बोअर:
एक भर घालतो. चार्जिंगचे सेल घालू नका. साधे दोन मिळून 3 व्होल्ट देतात, चार्जिंगचे 2.4. तेवढ्यावर व्हॉल्व नीट धरत नाही. आणि नळाला पुरेसं पाणी असूनही ज्योत पेटून लगेच विझली तर बर्नरपुढची सेन्सरची सुई काजळलेली असते. बारीक पॉलिश पेपरनं हलकेच पुसा, वाकवू नका.

शाहूपुरी गॅसफिटर:
विझण्याचं होईल हो. पण गिझर बाथरूममध्ये आहे, ते वाचून राहवलं नाही. पूर्ण ज्योतीवर हा तासाला साधारण एक किलो गॅस खातो आणि किलोभर गॅस जळायला 12-13 घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला दोन घनमीटर. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाच घनमीटरच हवा असते! दार लावलं की ऑक्सिजन घटतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं आणि दाराची कडी काढायचंही त्राण उरत नाही. ज्योत पिवळी दिसली तर वापर तिथंच थांबवा. एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. गिझर बाहेर काढा.

फुलेवाडीकर:
जाळी गाळानं भरली होती. तांब्या 26 सेकंदांत भरायचा, आता 17. शॉवरवर पेटतोय. ड्राय बाल्कनीत हलवला तर पाईप 12 फूट पडेल, चालेल का?

शाहूपुरी गॅसफिटर:
चालेल की. अर्ध्या इंची पाईपमध्ये तेवढ्या लांबीत जेमतेम अर्धा लिटर पाणी राहतं, म्हणजे आठ-नऊ सेकंद गार येईल. पाईपवर फोमची नळी चढवा. एल्बो कमीत कमी ठेवा, प्रत्येक वळणाला दाब जातो. वारं थेट बर्नरवर येईल अशा बाजूला टांगू नका. आणि हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला आत जा. घरातल्या पोरांनाही आजच सांगा.