जुन्या मॅसीचा पंखा घरघरतोय, पंखाच बदलू का?

वायंगणवाला: मंडळी, मी पेडण्याकडचा. वडिलांच्या वेळचा मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन. सरदाचं म्हणजे पावसाळी भात घरात आलं, वायंगणाची म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भाताची चिखलणी तोंडावर, आणि आता रेडिएटरच्या मागून घर्र घर्र सुरू झालीय. थंड असताना कमी, अर्ध्या तासाने जास्त. रेस दिली की वाढते. गावचा मेस्त (मिस्त्री) म्हणतो पंखाच बदल. म्हापशात मिळेल, की बेळगाव गाठू? पाती बघायला सरळ आहेत. गेल्या महिन्यात डायनामो (बॅटरी चार्ज करणारा) दुरुस्त करून बसवला, त्यापलीकडे कशाला हात लावलेला नाही.

अर्धा_इंची_पाना: पंख्यासाठी चोर्ला घाट चढू नका एवढ्यात. या इंजिनात पंखा वॉटर पंपाच्या शाफ्टवरच बसतो आणि त्याच पट्ट्यावर डायनामोही फिरतो. तिघांतलं कोण ओरडतंय ते नुसत्या कानाला कळत नाही, म्हणून बदनाम पंखा होतो.

पट्टा उतरवा आणि इंजिन अर्धा मिनिट चालवा. जास्त नको, पाणी फिरत नसतं. आवाज तसाच राहिला तर टायमिंग गिअरकडे बघायला हवं, ते दुखणं वेगळं. गेला, तर इंजिन बंद करून पंख्याची समोरासमोरची दोन पाती धरा आणि पुढेमागे डोलवून बघा. कटकट लागली की पंपाचं बेअरिंग गेलं समजा. मग हाताने सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं, गेलेल्यात वाळू दळल्यासारखं बोटांना लागतं. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथे ओघळ वाळून डाग पडलाय का तेही बघा. ते भोक गळतंय म्हणून एम-सील लावून बुजवणारे बहाद्दर मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका, सील गेल्याचं ते सांगत असतं.

कुणग्यातला_केजव्हील: आमचा चिरचिर करायचा. पट्ट्याला साबण चोळला, गप्प झाला.

अर्धा_इंची_पाना: भाऊ, चिरचिर म्हणजे पट्टा घसरतोय. यांची घरघर आहे. आणि साबणाने दोन दिवस गप्प बसतो, मग दुप्पट घसरतो.

खाजनकाठ: सगळा पंखा काढून गाडीचा इलेक्ट्रिक पंखा लावून टाका ना, आवाजाची कटकटच नको.

सत्तरीचा_काका: बाबा रे, त्या जुन्या डायनामोला बॅटरी आणि दिवे सांभाळताना नाकी नऊ येतात, वर पंखा कुठे लादतोस? चिखलात केजव्हील (लोखंडी जाळीची चाकं) लावून हळू चालताना इंजिन तापतं ते वेगळंच.

वायंगणवाल्या, एक विचारतो. डायनामो बसवल्यावर पट्टा कोणी ताणला? दोन पुलींच्या मधल्या सर्वांत लांब अंतरावर अंगठ्याने दाबलास तर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. तारेसारखा ताठ असेल तर तो ताण दिवसभर पंपाच्या बेअरिंगवर बसतो.

वायंगणवाला: काका, मीच ताणला. पहार घालून. 🙈

पट्टा काढला, आवाज गायब. डायनामो हाताने छान फिरतो. पंखा मात्र डोलतोय, आणि भोकाखाली तपकिरी ओघळही आहे.

अर्धा_इंची_पाना: मग पंप उतरवाच. पंख्याच्या पुढच्या बाजूला आधी रंगाचा ठिपका द्या. उलटा बसला तरी वारा त्याच दिशेने जातो, फक्त कमी जातो, त्यामुळे चूक लवकर कळत नाही आणि इंजिन तापत राहतं. पात्यांच्या रिव्हेटपाशी तडा दिसला तर मात्र पंखा खरंच बदला, वेल्डिंग करू नका. फिरताना तुटलेलं पातं रेडिएटर फाडतं, माणूस जवळ असला तर माणसालाही सोडत नाही.

बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर तेराचा पाना बसतो खरा, पण किंचित ढिला, आणि आपल्या खाऱ्या हवेत गंजलेल्या बोल्टचे कोपरे तिथेच गोल होतात. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा.

बेअरिंग आणि शाफ्ट एकत्रच येतं. बदलायला प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे न्या, घरी हातोडा नको. आणि उघडण्याआधी इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) व बॉडीतली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून लिहून ठेवा, परत तेवढीच ठेवायची असते.

वायंगणवाला: आठ दिवसांनी लिहितोय, कुणगे (भाताचे वाफे) पाण्याने भरून वाट बघत होते. बेअरिंग-शाफ्ट, सील, गॅस्केट असं किट म्हापशातच मिळालं, घाट वाचला. जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर आतून गंजाचं लाल पाणी आलं. पंखा तोच ठेवला, ठिपका पुढे. पट्टा यावेळी अंगठ्याने मोजला.

घरघर गेली. आता मोठा वारा ऐकू येतो तो पंख्याचा स्वतःचाच, लोखंडी पाती असल्यावर तेवढा असायचाच ना? शिवाय बॉनेटचा पत्रा थरथरतोय असं आता कळतंय, आधी त्या गोंगाटात ऐकूच येत नव्हता.

सत्तरीचा_काका: असायचाच. पत्र्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाल. आणि ती पहार दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक.