मदत हवी आहे: जाहिरातलेखनातून कंटेंट स्ट्रॅटेजीकडे वळायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहते. बरीच वर्षं फ्रीलान्स जाहिरातलेखन करतेय: लक्ष्मी रोडवरचे साड्यांचे सेल, बाणेर-वाकडच्या बिल्डरांची ब्रोशर, मधूनच एखादी रेडिओ जिंगल. पण छापील काम आटत चाललंय आणि जो तो विचारतो, "मॅडम, एसईओ येतं का?" (म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर येईल असं लिहिणं.) म्हणून कंटेंट स्ट्रॅटेजीकडे, म्हणजे साइटवर काय आणि कशासाठी लिहायचं हे ठरवण्याच्या कामाकडे, वळायचंय.

गूगल ॲड्सचं तंत्र कळलं. मथळा जास्तीत जास्त ३० कॅरेक्टरांचा, वर्णन ९० चं, पण एका जाहिरातीला १५ मथळे देता येतात. ही काटकसर मला आवडते. घोडं अडलंय ते वेबसाइटच्या लेखनापाशी. पेपरातली जाहिरात न विचारता समोर येते, म्हणून 'स्वप्नातलं घर' खपून जायचं. इथे माणूस 'वाकड टू बीएचके मेंटेनन्स किती' असं टाइप करून येतो. त्याला पटवायचं की आधी उत्तर द्यायचं?

दुसरं, डेक्कनवरच्या एका क्लासची फी ऐकून मी समोरचा चहाही न पिता उठले. कोर्स खरंच लागतो का? आणि ब्रोशरमुळे किती फ्लॅट गेले याचा आकडा माझ्याकडे नाही, मग मुलाखतीत दाखवू काय?

प्रतिसाद १
ताई, आधी उत्तर. पहिल्या दोन ओळींत मेंटेनन्सचा आकडा आणि त्यात काय काय येतं ते. पटवणं त्याच्या खाली, आणि तिथेही टँकर किती महिने लागतो हे लिहिलंत तर माणूस पुढचं वाचेल.

क्लास सोडा. गूगल स्किलशॉप आणि हबस्पॉट अकॅडमीत फुकट शिकता येतं. जुन्या गिऱ्हाइकाकडून त्याच्या साइटच्या सर्च कन्सोलचा (साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) ॲक्सेस मागा. लोक काय शोधत आले, ते १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. इंप्रेशन (शोधात पान दिसणं) भरपूर पण क्लिक नगण्य, अशा पानांचे मथळे बदला. आधीचे-नंतरचे आकडे हाच पोर्टफोलिओ. स्ट्रॅटेजीच्या मुलाखतीला मात्र यादी न्या: लोकांच्या कुठल्या प्रश्नाला साइटवर पानच नाही, त्यातलं पहिलं कुठलं लिहाल आणि का.

प्रतिसाद २
बिल्डरचं काम घेतलंत तर महारेराचा (राज्याचं गृहप्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) क्यूआर कोड विसरू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत सक्तीचा आहे, ऑनलाइनसुद्धा.

धागाकर्ती
आभार! टँकरचं वाक्य बिल्डरच्या गळी तुम्हीच उतरवा. :) साडीवाल्या काकांना फोन केला. वेबसाइटचा पासवर्ड भाच्याकडे, आणि भाचा कॅनडात.

प्रतिसाद १
डोमेन (साइटचा पत्ता) काकांच्या नावावर आहे का बघा. असेल तर डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एक नोंद टाकून सर्च कन्सोलला मालकी दाखवता येते, भाच्याची झोपमोड नको.