गच्चीवरच्या वर्कशॉपसाठी सुरक्षेचं सामान सुचवा, बजेट ५,०००

गच्चीवाला_नाशिक
नमस्कार मंडळी. गच्चीवर दहा बाय आठची पत्र्याची खोली आहे, तिथे रविवारी सुतारकाम करतो. ४ इंची ग्राइंडर, ड्रिल आणि मेहुण्याने दिलेला मार्बल कटर आहे. कटर प्लायखाली उलटा बसवून टेबल सॉ (टेबलातून पातं वर येणारी करवत) करायचं डोक्यात आहे. गेल्या रविवारी ग्राइंडरची चकती फुटली आणि तुकडा कानाजवळून गेला. सहा वर्षांची मुलगी दारातच उभी होती. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. सुरक्षेच्या सामानाला ५,००० रुपये काढलेत, त्यापुढे जमणार नाही. आधी काय घेऊ?

फिटर_भोसरी
चकतीवरचा गार्ड (झाकण) काढलाय का? आधी ते सांगा. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो, म्हणजे चकतीची कड ताशी २०० किलोमीटरने पळते. चकतीच्या मधल्या धातूच्या रिंगवर मुदत छापलेली असते, ती बघा. मुदत संपलेली, ओल लागलेली किंवा हातातून पडलेली चकती सरळ फेकायची. नवी लावली की मिनिटभर मोकळी फिरवायची, समोर कुणी उभं नको.

ऑस्टिनकर
मी इथे सॉस्टॉप कंपनीचं टेबल सॉ घेतलंय. पात्यातून बारीक विद्युत संकेत जात असतो. बोट टेकलं की तो बदलतो आणि पातं ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतं. एकदा ओल्या लाकडानेच ब्रेक उडाला, ब्रेक आणि पातं दोन्ही बाद झाले, तरी वाईट वाटलं नाही. तीन हजार डॉलरच्या वर गेले. बोटांच्या बाबतीत बजेट बघू नका, दादा.

फिटर_भोसरी
अहो, ते ५,००० रुपये म्हणतायत.

सांगलीचा_सागवान
चामड्याचे जाड हातमोजे घ्या. सागाची कूस नखात गेली होती, आठ दिवस हात सुजलेला. मी मोज्यांशिवाय कशालाच हात लावत नाही.

रंधा_पटाशी
कृपा करून हा सल्ला ऐकू नका. लाकूड उचलायला मोजे ठीक, पण ड्रिल किंवा फिरत्या पात्याजवळ कधीच नको. माझ्या वडिलांचा सुती मोजा ड्रिलच्या बिटात गुंतला आणि हात ओढला गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कूस चिमट्याने निघते. लांब बाह्या, गळ्यातली साखळी, ओढणी यांचंही तेच.

सांगलीचा_सागवान
वीस वर्षं मोजे घालतोय, मला काही झालेलं नाही.

रंधा_पटाशी
वडिलांनीही अठरा वर्षं घातले होते.

वार्डातली_ताई
मी नर्स आहे. देव करो आणि वेळ न येवो, पण बोट तुटलंच तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवून आणतात, त्याने पेशी मरतात आणि मग जोडणं कठीण होतं. मायक्रोसर्जरी कुठल्या दवाखान्यात होते ते आजच विचारून नंबर भिंतीवर लावा. याला एक रुपया लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवा.

पेठेतला_कारागीर
गार्ड काढू नका. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, बाजू बंद असलेला गॉगल घ्या. मी रविवार पेठेतून घेतला, दीडशे रुपयांत आला, चष्म्यावरून बसतो.

वायरमन_काका
सगळे डोळे आणि बोटं म्हणतायत, पत्र्याच्या खोलीत पावसात उभे राहणार हे कुणी बघितलंच नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आधी बसवा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी. माझ्याकडे कामासकट अडीच हजारांत होतो. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळीतून पूर्ण सोडा, नाहीतर आतल्या आत तापते.

दमेकरी
धुळीबद्दल कुणीच बोललं नाही. लाकडाची धूळ कर्करोग करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला पहिल्या गटात टाकलंय. एमडीएफ तर आणखी त्रास देतं. साधा रुमाल उपयोगाचा नाही, एन९५ घ्या, आणि दाढी असेल तर तो कडेने गळतो. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

रंधा_पटाशी
धाग्यावर राहिलेलं एक. अळशीच्या तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतो. उघड्यावर पसरून वाळवा. आणि तो उलटा मार्बल कटर नको. स्विच लॉक करून ठेवावा लागतो, बंद करायला हात टेबलाखाली घालावा लागतो. मागे फटीत राहणारी सुरी नसते, लाकूड पात्याला चिमटतं आणि छातीवर येतं.

ऑस्टिनकर
म्हणूनच सॉस्टॉप म्हणतोय. थोडं थांबा, पैसे साठवा.

गच्चीवाला_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. गार्ड काढलेला होता, फिटरदादा. पाती बदलायला अडतो म्हणून. चकतीची मुदत बघितली, दोन वर्षांपूर्वी संपली होती.
ठरलं ते असं: काकांचा आरसीसीबी, गॉगल, एन९५. बाकीच्या पैशात इअरमफ (आवाज अडवणारी कानाची झाकणं) न घेता चांगली हातकरवत आणि दाराला आतून कडी. टेबल सॉ नाही आणि कटरही नाही. प्लाय दुकानातूनच मापात कापून आणणार, हाताने जेवढं होईल तेवढं करणार. ग्राइंडर मेहुण्याला परत. हळू होईल, पण मुलीला खिडकीतून बघता येईल.

फिटर_भोसरी
इअरमफ घ्यायला हवे होते, ड्रिल आहेच ना. असो. ग्राइंडर परत देताना गार्ड बसवून द्या, आणि ती चकती तोडून टाका, पिशवीत ठेवून देऊ नका.