मदत हवी आहे: पद्मिनी गरम झाली की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो

बाबांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. मागच्या मालकाने स्टार्टरचा (म्हणजे सेल्फचा) सॉलेनॉइड, म्हणजे किल्ली मारली की बॅटरीचा मोठा करंट स्टार्टरला जोडणारा विजेचा स्विच, वेगळा बसवून घेतलाय. सकाळी गाडी एका किल्लीत सुरू होते. पण अर्धा तास फिरून पेट्रोल भरायला थांबलो की संपलं! नुसता ‘टक्’. हेडलाइट मात्र लख्ख, म्हणजे बॅटरी उतरलेली नाही. बंद गाडीवर 12.6 व्होल्ट मिळतात.

आधी अर्थिंगवर संशय होता. किल्ली मारताना बॅटरीचं मायनस आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये 1.4 व्होल्टचा फरक दिसत होता. अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं मायनस गाडीला जोडणारी) बदलल्यावर तो 0.2 वर आला. तरी गरम झाल्यावर तेच रडगाणं.

आता गंमत बघा: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि सॉलेनॉइडचे दोन जाड बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडले की स्टार्टर झकास फिरतो. मात्र गरम असताना किल्ली मारली तर सॉलेनॉइडला किल्लीकडून येणाऱ्या बारीक वायरवर जेमतेम 8 व्होल्ट येतात.

मेकॅनिक म्हणतो, स्टार्टरच बदला. मला पटत नाही. इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट गेले असतील का, की सॉलेनॉइडच? मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) टाकून कोणाचं काम झालंय का? वायर किती जाडीची घेतली?